फायलिंग कॅबिनेट घेताना खण ओढून बघा, पत्र्याच्या जाडीवर भुलू नका

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांची ऑफिसं लावून देताना मी बरीच कॅबिनेटं घेतली. ‘पत्रा जाड बघा, बाकी सगळं सारखंच’ हा सल्ला प्रत्येक जण देतो. तो अर्धवट आहे.

आधी फायली मोजा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवाव्या लागतात, कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तकं 8 वर्षं. तेवढ्या धरूनच खण ठरवा. बॉक्स फायलीच जास्त असतील तर खणांचं कॅबिनेट नकोच, फळ्यांचं कपाट घ्या.

दुकानात जाताना आपली फुलस्केप फाईल सोबत न्या आणि खणात ठेवून बघा. ए-फोरच्या मापाच्या खणात ती दुमडते.

आता खण. 80 जीएसएमचं 500 कागदांचं ए-फोर रीम अडीच किलोचं, जाडी साधारण 5 सेंटिमीटर. दोन फूट खोल खण गच्च भरला की बारा रीम, म्हणजे 30 किलो झाले. दुकानदार रिकामा खण एका बोटानं ओढून दाखवतो, त्यावर अजिबात जाऊ नका. पहिल्यांदा मी तेच बघून कॅबिनेट घेतलं. चॅनेल, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या, प्लॅस्टिकच्या चाकांचे होते. खण पाऊणच उघडायचा, मागच्या फायलींना हात पोचायचा नाही. त्यात कारखान्यातली रुई ग्रीसला चिकटली आणि काही महिन्यांत खण अडकायला लागला. एके दिवशी वरचा खण उघडा असतानाच एका मुलानं त्याखालचा हिसका देऊन ओढला. अख्खं कॅबिनेट पुढे कललं. समोर टेबल होतं म्हणून ते त्यावर अडकलं, नाहीतर पोराच्या छातीवर आलं असतं.

तेव्हापासून दुकानात मी दोन गोष्टी केल्याशिवाय पैसे देत नाही. एक खण पूर्ण बाहेर काढून दुसरा ओढतो. तो जागचा हलला नाही पाहिजे. दोन खण एकदम उघडले तर ते कॅबिनेट कितीही स्वस्त असो, घेऊ नका. मग उघड्या खणात दुकानातलीच रिमं भरायला लावतो आणि आत-बाहेर करून बघतो. खण पुढे वाकला, घासला किंवा डुगडुगला तर चॅनेल कच्चे आहेत. बॉल बेअरिंगचे, खण पूर्ण बाहेर येणारे चॅनेलच मागा. रुई उडते तिथे ते महिन्याला कोरड्या फडक्यानं पुसा आणि ग्रीस अगदी बोटभरच लावा.

पत्रा 22 गेज चालतो, 20 असेल तर उत्तम. आकडा लहान तितका पत्रा जाड. कुलूप एकच, सगळ्या खणांना लागणारं. किल्ल्या दोन घ्या.

ठेवताना समोर उघडा खण आणि उभा माणूस मावेल एवढी जागा सोडा. शहाबादी फरशी वरखाली असते, म्हणून चारही कोपरे टेकलेत ना ते बघा. डुगडुगत असेल तर खाली पत्र्याची पट्टी सरकवा, नाहीतर सांगाडा तिरका होऊन कुलूप बसत नाही. फायली खालच्या खणापासून भरायला घ्या.