ऑप्टिकल केबल लावली, तरी ॲम्प गप्प? दोष असा शोधा

संगणकाचा डिजिटल आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत पोचला नाही की पहिला संशय केबलवर जातो आणि नवी केबल घरात येते. केबल क्वचितच दोषी असते. संगणक ज्या स्वरूपात आवाज पाठवतो ते ॲम्पला वाचता येत नाही, किंवा आवाज भलत्याच वाटेने चाललेला असतो, हेच जास्त वेळा घडतं. म्हणून संगणकाकडून ॲम्पकडे क्रमाने जा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर आवाज येईल, पण दोष कुठे होता ते कळणार नाही.

ऑप्टिकल जोडणीत, म्हणजे आवाज प्रकाशातून नेणाऱ्या केबलमध्ये, पहिली तपासणी फुकटात होते. ॲम्पकडचं टोक काढा, खोलीतला दिवा मंद करा आणि टोक तळहातासमोर धरा. लाल ठिपका दिसला की संगणकाचा दिवा आणि केबल दोन्ही जिवंत आहेत. तेवढ्यावरून आवाजाचा डेटा येतोय असं मात्र समजू नका. काही मदरबोर्डवर काहीच वाजत नसतानाही दिवा लागलेला राहतो. ठिपका नसेल तर संगणकाच्या खोबणीत थेट पाहा. तिथे उजेड असेल तर केबलकडे वळा. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना छोट्या पारदर्शक टोप्या असतात, त्या न काढताच केबल लावलेली अनेकदा सापडते. पिन चौकोनी असली तरी तिचे दोन कोपरे कापलेले असतात. ती उलटी जात नाही, जोर लावला तर खोबणीचं झाकण तुटतं. नीट बसली की हलकासा ‘खट्’ जाणवतो. आतला तंतू प्लास्टिकचा असतो, टेबलामागे काटकोनात दुमडला की प्रकाश गळतो आणि आवाज तुटक येतो. पाच मीटरपर्यंतची केबल सहसा बिनघोर चालते.

कोॲक्सियल जोडणीत हाच डिजिटल आवाज तारेतून विजेच्या रूपात जातो. तिला ७५ ओहमची केबल लागते. जुन्या व्हिडिओची पिवळी केबलही ७५ ओहमचीच असते, ती खुशाल वापरा. लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलवर कमी अंतरात आवाज येतो, पण मधूनच टकटक ऐकू येऊ शकते. ही केबल ॲम्पच्या ‘कोॲक्सियल’ लिहिलेल्या खोबणीतच लावा. शेजारच्या लाल-पांढऱ्या खोबण्या ॲनालॉग असतात, तिथे नुसता खरखराट मिळेल. ॲम्पला डिजिटल खोबणच नसेल तर मध्ये डॅक (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारं यंत्र) लावावाच लागतो.

आता ॲम्पचा डिस्प्ले पाहा. मागच्या खोबणीवर जे नाव छापलंय (‘टीव्ही’, ‘सीडी’) तेच इनपुट पुढून निवडलंय ना? एव्ही रिसीव्हरमध्ये (होम थिएटरच्या ॲम्पमध्ये) ही नेमणूक मेनूतून बदलता येते, त्यामुळे छापलेलं नाव दर वेळी खरं नसतं. डिस्प्लेवर ‘पीसीएम’ (कॉम्प्रेस न केलेला साधा डिजिटल आवाज) आलं की ॲम्पने सिग्नल पकडला. तरीही शांतता असेल तर संगणकातलं म्यूट किंवा स्पीकरच्या वायरी पाहा.

विंडोजमध्ये साऊंड सेटिंग्जमधून ‘मोअर साऊंड सेटिंग्ज’ उघडा. ‘प्लेबॅक’मध्ये ‘डिजिटल आउटपुट’ निवडून ‘सेट डिफॉल्ट’ करा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटरही त्या यादीत वेगळं साधन म्हणून दिसतो, आणि ड्रायव्हर अपडेटनंतर पुष्कळदा तोच डिफॉल्ट होऊन बसतो. ‘डिजिटल आउटपुट’च्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये १६ बिट, ४८००० हर्ट्झ ठेवा. ऑप्टिकलवर १९२ किलोहर्ट्झ अनेक ॲम्पना पकडताच येत नाही. आधी ४८ वर आवाज मिळवा, मग हवं तर ९६ करून पाहा. लिनक्सवर ‘अल्सामिक्सर’ हा आवाजाचा प्रोग्राम उघडून ‘आयईसी९५८’ ही डिजिटल आउटपुटची पट्टी शोधा. तिच्याखाली ‘एमएम’ दिसलं तर ‘एम’ची कळ दाबून म्यूट काढा.

गाणी वाजतात, पण सिनेमा लावला की कर्कश खरखर येते, असं झालं तर लगेच आवाज कमी करा, ट्वीटर (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) जळू शकतात. प्लेअर डॉल्बी डिजिटल (अनेक चॅनलचा कॉम्प्रेस केलेला आवाज) जसंच्या तसं पाठवतोय आणि समोरच्या डॅकला फक्त पीसीएम कळतं. व्हीएलसी या प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमधला पासथ्रू (आवाज न उलगडता पुढे पाठवणं) बंद केला की प्रश्न मिटतो. ॲम्पला डॉल्बी कळत असेल तर पासथ्रू चालू ठेवा. फक्त तेव्हा संगणकावरचं आवाजाचं बटण काम करत नाही, आवाज ॲम्पवरूनच कमी-जास्त करायचा.

गेम खेळताना मागचे स्पीकर गप्प असतात, हा बिघाड नव्हे. या जोडणीतून साध्या पीसीएमचे दोनच चॅनल जातात: ४८,००० नमुने, १६ बिट, दोन चॅनल म्हणजे सेकंदाला सुमारे १५ लाख बिट. सहा चॅनल पाठवायचे तर ते आधी दाबून (कॉम्प्रेस करून) बसवावे लागतात. डीव्हीडीवर ते आधीच दाबलेले असतात. गेमचा आवाज मात्र त्याच क्षणी दाबावा लागतो आणि त्यासाठी साऊंड कार्डात ‘डॉल्बी डिजिटल लाइव्ह’ किंवा ‘डीटीएस कनेक्ट’ असावं लागतं. ब्लू-रेचं ट्रूएचडी (डॉल्बीचं जास्त डेटाचं स्वरूप) इथे बसतच नाही, त्याला एचडीएमआय हवं.

प्रत्येक गाण्याचा पहिला अर्धा सेकंद गिळला जातो का? शांततेत संगणक प्रवाह थांबवतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर ॲम्पला सिग्नल पकडायला वेळ लागतो. पाइपवायर (आवाज हाताळणारी प्रणाली) असलेल्या लिनक्सवर तिच्या वायरप्लंबर या व्यवस्थापकातली निष्क्रिय साधन झोपवण्याची मुदत शून्य केली की हे थांबतं.

शेवटी हमिंग. कोॲक्सियलमध्ये दोन्ही यंत्रांचे धातूचे कॅबिनेट एकमेकांना जोडले जातात आणि अर्थिंगच्या वळशातून ५० हर्ट्झची घरघर शिरते. दोन्ही यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा. घरघर घालवण्यासाठी अर्थची पिन कधीही तोडू नका. अर्थ नसलेल्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि आत बिघाड झाला तर तोच कॅबिनेट जीव घेऊ शकतो. त्याऐवजी ऑप्टिकल वापरा, तिच्यातून वीज जातच नाही. ऑप्टिकलवरही घरघर राहिली तर संगणकाला सोडून द्या आणि ॲम्पला जोडलेली बाकीची यंत्रं एकेक करून काढा. सुरुवात टीव्हीच्या केबलपासून करा.