जकार्तात भाडं भरण्याआधी भिंत बघा

जकार्ता ज्या जावा बेटावर आहे, तिथे पंधरा कोटींहून जास्त माणसं राहतात, इंडोनेशियाची निम्म्याहून अधिक वस्ती. पण मुंबई पाहिलेल्याला गर्दीचं काही वाटत नाही. आपण फसतो ते पावसात.

इथला पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. आपल्याकडे श्रावणसरी पडतात तेव्हा इथे सगळं कोरडं ठणठणीत. मी ऑगस्टमध्ये आलो आणि उत्तर जकार्तात स्वस्त, हवेशीर घर घेतलं. इथे घराचं भाडं बऱ्याचदा वर्षाचं एकरकमी मागतात. मी दोन वर्षांचं भरून टाकलं. फेब्रुवारीत एका रात्री पलंगावरून पाय खाली टाकला तर घोटाभर पाणी, तांदळाची गोण खालून भिजलेली. भाड्यातला एक रुपियाही परत मिळाला नाही. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून शहराचा हा भाग खचतोय, हे मला नंतर कळलं.

म्हणून सांगतो, भिंती बघा. कंबरेपर्यंत ताजा रंग आणि वर जुना असेल तर दुसरं घर शोधा. कपाटामागे हात घाला, पोपडे लागले तर समजून जा. दलालाला विचारू नका. समोर वारुंग, म्हणजे छोटी खाणावळ, असेल तिथल्या बाईंना विचारा, ‘बू, दि सिनी पेर्नाह बांजिर?’ म्हणजे, ‘बाई, इथे कधी पूर आलाय का?’ त्या खरं सांगतात. आणि एका वर्षावर भाडं आगाऊ देऊ नका, कितीही सूट मिळो.

यासाठी इथली भाषा हवी. दहा वर्षं राहून ‘तेरिमा कासिह’च्या, म्हणजे ‘धन्यवाद’च्या, पुढे न गेलेले आपले लोक पाहिले की वाईट वाटतं. क्रियापद काळानुसार बदलत नाही, नामाला लिंग नाही, आणि कितीतरी शब्द घरचेच: भाषा बाहासा, बायको इस्त्री, नवरा सुआमी. पुरुषांना ‘पाक’, बायकांना ‘बू’ म्हणा. वस्तू उजव्या हातानेच द्या.

किटासचे, म्हणजे राहण्याच्या परवान्याचे, कागद कंपनी बघते.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ पुरत नाही. सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बऱ्याचदा तेरासी असते, आंबवलेल्या कोळंबीचा लगदा. ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, असं सांगा. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, बिनधास्त खा. डाळी-मसाले पासार बारू या बाजारात मिळतात.

लेबारानला, म्हणजे रमजान ईदला, घरकामाच्या बाई गावी जातात. वर्षभर काम केलं असेल तर महिन्याचा जादा पगार ईदच्या आठवडाभर आधी हातात ठेवा. आपल्यातले काही जण त्यातही घासाघीस करतात, मला ते अजिबात पटत नाही. त्या दिवसांत बरीच दुकानं बंद असतात. तांदूळ, भाजी, गॅस आधीच भरून ठेवा.