अभिवृत्ती आणि वर्तन : प्रकल्प करताना या चुका टाळा

मानसशास्त्राचे प्रकल्प तपासताना एक चूक मला दरवर्षी सापडते. अभिवृत्तीचा, म्हणजे एखाद्या गोष्टीबद्दलच्या मताचा, प्रश्न ढोबळ विचारायचा आणि वर्तन मात्र नेमकं मोजायचं.

एका गटाने सोसायटीत विचारलं, ‘पर्यावरणाचं रक्षण महत्त्वाचं वाटतं का?’ जवळपास सगळ्यांनी ‘पूर्ण सहमत’वर खूण केली. डबे उघडले तर बहुतेकांचा ओला-सुका कचरा एकत्र. लगेच निष्कर्ष लिहिला : लोक दांभिक आहेत. मला राग आला. त्यांना घेऊन सकाळी सातला त्याच जिन्यात उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात एकच पिशवी घेऊन उतरत होत्या. म्हणाल्या, “अगं, घंटागाडी दोन मिनिटं थांबते. या गुडघ्यांनी दोन डबे कशी आणू?”

मानसशास्त्रज्ञ आयझेन यांनी, माणूस एखादी कृती करेल का हे सांगणाऱ्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतात ‘हे मला जमेल का?’ हा घटक घातला, तो याचसाठी. आणि नेमक्या प्रश्नाने किती फरक पडतो? अमेरिकेत १९७९ साली डेव्हिडसन आणि जॅकार्ड यांनी स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. संततिनियमनाबद्दलचं सर्वसाधारण मत आणि गोळ्यांचा वापर यांचा सहसंबंध ०.०८ निघाला (० म्हणजे संबंधच नाही, १ म्हणजे पूर्ण संबंध). ‘येत्या दोन वर्षांत गोळ्या घेण्याबद्दल’ विचारल्यावर तोच ०.५७!

मी प्रश्न लिहिण्याआधी कागदावर चार शब्द मांडते : कृती, कशाबाबत, कुठे, कधी. त्याआधी आठवडाभर तिथली परिस्थिती नुसती बघते. दोन दिवसांत गूगल फॉर्म फिरवून मोकळं होणाऱ्यांना हे जड जातं, पण घाईत भरून घेतलेले दोनशे फॉर्म माझ्या लेखी रद्दीच.

दुसरी चूक, मत आणि वर्तन जुळत नाही हे दाखवायला समाजशास्त्रज्ञ ला पिएर यांचा अर्धवट दाखला. १९३४च्या त्यांच्या लेखात अमेरिकेत फिरणाऱ्या चिनी जोडप्याला हॉटेलं-उपाहारगृहं अशा २५१ ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी नकार मिळाला, पण नंतर पत्राला उत्तर देणाऱ्या १२८ पैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी ‘चिनी ग्राहक घेणार नाही’ असं कळवलं. हे सगळे उतरवून काढतात. मात्र पत्राचं उत्तर लिहिणारा आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता का, जोडप्यासोबत स्वतः ला पिएर, म्हणजे गोरे प्राध्यापक, होते त्याचं काय, हे कुणी लिहीत नाही.

तिसरी : ‘मी कचरा वेगळा करतो’ हे उत्तर प्रत्यक्ष वर्तन म्हणून नोंदवू नका; ते फक्त सांगणं आहे.

वर्तनातूनही मत बदलतं; फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांचा १९५९चा प्रयोग वाचा, ज्यात थोड्याशा पैशांसाठी कंटाळवाणं काम ‘मजेचं’ म्हणून सांगणाऱ्यांना ते खरंच बरं वाटू लागलं. म्हणून मी मत आधी विचारते, डबे नंतर बघते, आणि मधे किमान आठवडा जाऊ देते.