पीसीचे सुटे पार्ट पावसाळ्यात सडू द्यायचे नसतील तर

पहिली गोष्ट, पोटमाळ्यावर टाकू नका. आमच्या डोंबिवलीच्या घरी तेच केलेलं, मे महिन्यात स्लॅब तापतो आणि जुलैत त्याच स्लॅबला ओल येते, दिवाळीच्या साफसफाईत मदरबोर्ड काढला तर यूएसबी पोर्टला गंज आणि रॅमच्या सोनेरी पट्ट्या काळपट. रॅम खोडरबराने हलकी घासली तर चालली, बोर्ड गेला तो गेलाच. त्यापेक्षा कपाटाचा मधला कप्पा बरा, फक्त ते कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं नको.

रॅम, ग्राफिक्स कार्ड, बोर्ड हे सगळं अँटीस्टॅटिक पिशवीतच, म्हणजे स्थिर विजेच्या (स्टॅटिक) झटक्यापासून वाचवणारी, ती चंदेरी, धुरकट आरपार दिसणारी. गुलाबी पिशवी स्वतः स्टॅटिक तयार करत नाही एवढंच, बाहेरून आलेलं ती अडवत नाही. पिशवीशिवाय थेट थर्माकोलमध्ये तर अजिबात नको. आणि हो, चंदेरी पिशवीवर बोर्ड ठेवून टेस्टिंगला चालू करू नका, तिच्यातून करंट जाऊ शकतो. बोर्डावर प्रोसेसर नसेल तर सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण लावाच, पिन वाकली की सरळ करताना रडू येतं.

मग हे सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, पिठाचा जुना डबा धुऊन कडकडीत वाळवून घेतला तरी चालतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे पुडी ओलावा पिऊन बसली, बदला. पोरांच्या हाताला लागू देऊ नका.

एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मॉड्युलर (वायरी सुट्या निघणारा) असेल तर त्याच्या वायरी त्याच्याच खोक्यात, हे मनावर घ्या. दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला तीच वायर बसते पण आतली जोडणी वेगळी निघू शकते, म्हणजे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट आणि हार्डडिस्क खलास.

एसएसडीत (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) कामाचा डेटा ठेवून ती वर्षानुवर्षं डब्यात ठेवू नका, करंट न मिळता पडून राहिली की डेटा उडू शकतो. लॅपटॉपची बॅटरी निम्मी चार्ज करून वेगळी ठेवा, फुगलेली असेल तर घरात नकोच, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

डब्यावर चिकटपट्टी लावून पार्टचं नाव, तारीख आणि चालू की बंद ते लिहा. ‘बहुतेक चालू’ असं लिहू नका, माझ्याकडे तशा तीन हार्डडिस्क पडल्यात.