कॅपाब्लांका–मार्शल, 1918: हा डाव अभ्यासताना या चुका टाळा

ऑक्टोबर 1918, न्यूयॉर्कची बुद्धिबळ स्पर्धा; कॅपाब्लांका पांढऱ्या मोहऱ्यांनी, मार्शल काळ्या. रुई लोपेझ या सुरुवातीत आठव्या खेळीला फ्रँक मार्शलने डी5 (म्हणजे प्यादं डी-पट्टीच्या पाचव्या घरात) खेळून ई5चं प्यादं सोडलं आणि कॅपाब्लांकाच्या राजावर धाव घेतली. यालाच पुढे 'मार्शल हल्ला' म्हटलं गेलं. 36 खेळ्यांत पांढरा जिंकला.

सर्वांत मोठी चूक म्हणजे इंजिन (खेळ्या सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) चालू ठेवून डाव पाहणं. पट मांडा, पुढच्या खेळ्या झाकून ठेवा. पंधराव्या खेळीला काळा घोडा एफ2चं प्यादं मारतो. पांढऱ्याने तो वजिराने का मारला नाही? उत्तर शोधताना बहुतेकांना काळ्यासाठी उंट जी3 सुचतं, वजिरावर हल्ला होतो म्हणून. पण तिथेच काळा फसतो: वजीर एफ7 मारतो, हत्तीने वजीर मारला की पांढरा हत्ती ई8वर येऊन मात! एफ7चा हत्ती मध्ये येऊ शकत नाही, कारण बी3च्या उंटाने त्याला राजाशी जखडलंय. काळ्याने आधी उंट एच2वर शह द्यायला हवा. राजाने तो मारला तर एफ2चा वजीर निराधार पडतो. राजा एफ1वर गेला तर मग उंट जी3. एका खेळीच्या क्रमाने सगळं पालटतं. या जागी अर्धा तास बसाच, घाई करू नका. कॅपाब्लांकाने घोडा न मारता हत्ती ई2वर नेला, त्याची किंमत मग कळते.

दुसरी चूक: 'पांढरा जिंकला म्हणजे मार्शल हल्ला मोडीत निघाला' असं समजणं. त्या डावात काळ्याची अकरावी खेळी घोडा एफ6 होती. नंतर तिच्या जागी सी6 रूढ झाली, आणि 1965 मध्ये ग्रँडमास्टर स्पास्कीने ग्रँडमास्टर तालविरुद्ध हाच हल्ला वापरला. म्हणून 1918ची खेळी तशीच पाठ करून स्पर्धेत उतरू नका. समोरचा (पांढरा) आठव्या खेळीला ए4 खेळून सगळं टाळूही शकतो, त्याची तयारी वेगळी.

मार्शलने हे शस्त्र कॅपाब्लांकासाठी नऊ वर्षं लपवून ठेवलं होतं, ही गोष्ट मोहक आहे, पण तिला भक्कम आधार नाही.

आणि पंचविसाव्या खेळीनंतर पुस्तक मिटू नका! काळ्याचा वजीर जी1वर, उंट एफ2वर, दोघेही पांढऱ्या राजाने सोडलेल्या कोपऱ्यात अडकलेले. इकडे पांढरा बी4, ए4 करून ए-पट्टी उघडतो, हत्ती ए6वर येतो आणि बी-प्यादं बी7पर्यंत पोहोचतं. मला तर हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो.