संकेतस्थळाची पुनर्रचना करताना या चुका टाळा

नागपूरच्या आयटी पार्कमधील किंवा मिहानमधील एखाद्या गटाकडे बहुराष्ट्रीय कंपनीच्या संकेतस्थळाच्या पुनर्रचनेचे काम येते, तेव्हा मुख्यपृष्ठाचे देखणे चित्र आधी मंजूर होते आणि सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांग व्यक्तींनाही संकेतस्थळ वापरता येते का याची, तपासणी शेवटच्या आठवड्यावर जाते. मी या कामात जे दोष वारंवार पाहिले, त्यांतील बहुतेकांचे मूळ या उलट्या क्रमातच होते. बटणे, मेनू आणि फॉर्म हे घटक सर्व देशांच्या आवृत्त्यांना सामायिक असल्यामुळे एका बटणातील चूक एकाच वेळी सगळीकडे पोहोचते. म्हणून घटक तयार होताच तो तपासला पाहिजे.

ही तपासणी माउस बाजूला ठेवून सुरू करावी. टॅब कळ दाबत पुढे जाताना आपण कोठे आहोत हे दिसत नसेल, तर फोकसभोवतीची (त्या क्षणी निवडलेल्या घटकाभोवतीची) चौकट ‘चांगली दिसत नाही’ म्हणून कोणीतरी सीएसएसमधून (पानाचे रूप ठरवणाऱ्या कोडमधून) बहुधा काढून टाकलेली असते. एखाद्या बटणापर्यंत टॅबने पोहोचताच येत नसेल, तर तेथे बहुधा खरे बटण नसून क्लिक जोडलेला डिव्ह (नुसती साधी चौकट) असतो, आणि त्यावर ठिगळे लावत बसण्यापेक्षा एचटीएमएलचे (पानाची रचना सांगणाऱ्या भाषेचे) मूळ बटण वापरणे केव्हाही चांगले. पॉप-अप उघडल्यावर फोकस त्याच्या आत गेला पाहिजे, एस्केप कळीने तो बंद झाला पाहिजे आणि फोकस पुन्हा मूळ बटणावर परतला पाहिजे. पानाच्या तळाशी चिकटून राहणारी कुकी-संमतीची पट्टी फोकस असलेला घटक पूर्ण झाकत असेल, तर ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोही दोष ठरतो.

फॉर्मविषयी एक प्रसंग मला विसरता येत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एका दृष्टिहीन ताईंनी आमचा अर्ज भरून पाठवण्याचे बटण तीनदा दाबले, पण त्यांना काहीच ऐकू आले नाही, कारण चूक झालेल्या रकान्याची कड केवळ लाल होत होती. आम्ही चूक शब्दांत लिहिली, तो मजकूर कोडमध्ये त्या रकान्याशी जोडला आणि फोकस पहिल्या चुकीच्या रकान्यावर नेला. स्वयंचलित तपासणीत मात्र हा अर्ज आधीच उत्तीर्ण झाला होता. अशी साधने चित्राचे वर्णन आहे की नाही एवढे सांगतात. ते वर्णन उपयोगाचे आहे का, हे माणसालाच ठरवावे लागते.

रंगाची चूक वातानुकूलित कार्यालयात कळत नाही. मे महिन्यात, पारा ४५ अंशांकडे झुकलेला असताना, सीताबर्डीच्या उन्हात मोबाइलवर तेच पान उघडले की फिकट करडी अक्षरे नाहीशी होतात. सामान्य आकाराच्या मजकुरासाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांतील तफावतीचे (कॉन्ट्रास्टचे) प्रमाण किमान ४.५:१ हवे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर #९९९९९९ हा करडा रंग जेमतेम २.८५:१ देतो, तर #७६७६७६ हा रंग निकषात बसतो.

मराठी आवृत्तीत आणखी एक चूक हमखास राहते. इंग्रजी पानाची प्रत काढून मजकूर बदलला जातो, पण कोडमधील भाषेची खूण इंग्रजीचीच राहते. त्यामुळे स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचू पाहतो किंवा तो वगळतो. तेथे मराठीचा ‘एमआर’ (mr) हा संकेत द्यावा. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ठरवलेल्या उंचीत आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात, म्हणून चौकटींची उंची पक्की बांधू नये. भाषा निवडण्यासाठी झेंडे वापरू नयेत, कारण झेंडा देशाचा असतो. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहावे.

‘हे बंधनकारक आहे का?’ असा प्रश्न बैठकीत आला, तर भारतातील २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आणि २८ जून २०२५ पासून लागू झालेला युरोपीय सुगम्यता कायदा दाखवावा. एका ओळीचा कोड टाकून सगळे सुगम करण्याचे आश्वासन देणारी तयार साधने मात्र विकत घेऊ नयेत, कारण वर सांगितलेला मुका अर्ज त्यांच्या भरवशावर सोडता येत नाही.

प्रकाशनाच्या दिवशी जुने पत्ते ३०१ पुनर्निर्देशनाने (पान कायमचे हलवल्याचे सांगून नव्या पत्त्यावर नेणाऱ्या सूचनेने) नेमक्या नव्या पानांकडे वळवावेत. सर्व जुने दुवे मुख्यपृष्ठावर नेऊन सोडले, तर एकेक शीर्षक ऐकत वाट शोधणाऱ्या वापरकर्त्याला आपले पान पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.