अपंगत्व, आजार आणि जवळीक: माहितीपट करताना या चुका टाळा

पहिली चूक शूटिंगच्या पहिल्याच दिवशी होते. व्हीलचेअरवरच्या मुलीला प्रश्न विचारायचा आणि उत्तरासाठी तिच्या आईकडे बघायचं. मुलीचं बोलणं अडखळत असेल तर आईचा बाइट (कॅमेऱ्यासमोरचं छोटं उत्तर) पटकन आणि स्वच्छ मिळतो. एडिटला बसल्यावर मग तोच वापरला जातो आणि पंचविशीतली बाई पडद्यावर लहान मूल होऊन बसते. उत्तराला दोन मिनिटं लागली तर लागू देत. खाली सबटायटल टाका, पण तिच्या थांबण्यावर कात्री चालवू नका. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण चार फुटांवर आणा. उभ्या माणसाच्या खांद्यावरून शॉट घेतला की ती कायम मान वर करूनच बोलत राहते.

ती चहा गाळत असताना मागे बासरी नको. ती चहाच गाळते आहे.

‘ग्रस्त’, ‘पीडित’ हे शब्द निवेदनातून काढा. अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेही दृश्यमाध्यमांसाठी अशा भाषेबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत.

दीर्घ आजारात फक्त बऱ्या दिवशी शूट केलंत, तर प्रेक्षकाला वाटतं, हिला झालंय तरी काय? जेनिफर ब्रिया यांनी स्वतःच्या दीर्घ आजारावरच्या ‘अनरेस्ट’ (२०१७) या माहितीपटाचं बरंचसं काम अंथरुणातून केलं. दूरच्या शूटिंगचं दिग्दर्शन त्या स्काइपवरून करत. आजाराचा वेग त्यांनी चित्रपटाचाच वेग मानला. तुमच्या वेळापत्रकातही रद्द होणारे दिवस आधीच धरा.

आता जवळीक. आपल्याकडे हा विषय आला की कॅमेरा खिडकीबाहेर जातो. श्वेता घोष यांच्या ‘अ‍ॅक्सेक्स’ (२०१३) या माहितीपटात मात्र अपंग स्त्रिया स्वतःच्या शरीराबद्दल आणि इच्छेबद्दल स्वतः बोलतात. ‘क्रिप कॅम्प’ (२०२०) या माहितीपटात सेरेब्रल पाल्सी (हालचालींवर परिणाम करणारं अपंगत्व) असलेली एक बाई आपली गोष्ट सांगते. तिचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी अपेंडिक्स काढून टाकलं आणि ते निघालं निरोगी. खरा आजार गनोरिया होता, शरीरसंबंधातून पसरणारा. हिचे कुणाशी शरीरसंबंध असू शकतात, हे सर्जनच्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही जवळीक गाळता तेव्हा त्या सर्जनच्याच बाजूला उभे राहता.

उलटी चूक म्हणजे तमाशा. ‘सिक’ (१९९७) हा कर्बी डिक यांचा चित्रपट बघणं सोपं नाही. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसं निकामी करणारा जन्मजात आजार असलेले कलाकार बॉब फ्लॅनगन वेदनेतून सुख घेत आणि जोडीदार शेरी रोझ यांच्या हुकमात राहत. नुसती धक्कादायक दृश्यं लावून भागलं असतं. डिक यांनी खोकला ठेवला, ऑक्सिजनची नळी ठेवली, विनोद ठेवले. भांडणंही ठेवली: आजार बळावल्यावर बॉब पूर्वीसारखे शरण जात नाहीत म्हणून शेरी दुखावतात, आणि बॉबना तर श्वास घेणंच जड झालेलं असतं. जोडप्याचं इतकं खरं भांडण मी फार थोड्या चित्रपटांत पाहिलं आहे. बालपणीच्या दुखण्याचा आणि या आवडीचा संबंध बॉब स्वतः जोडतात. तो हक्क त्यांचा होता. ‘आजारामुळे हे असे झाले’ असं सांगायला तज्ज्ञ आणून बसवलात, तर तो हक्क तुम्ही काढून घेता.

संमतीचा कागद एकदा सही करून फाइलला लावायचा नसतो. उत्साहात सांगितलेलं सहा महिन्यांनी नकोसं वाटू शकतं. त्यामुळे रफ कट (चित्रपटाची पहिली कच्ची जोडणी) आधी त्या व्यक्तीला दाखवा, घरच्यांना खोलीबाहेर ठेवून. दृष्टिहीन व्यक्तीला पडद्यावर काय चाललंय ते शब्दांत सांगा. जोडीदार दिसत असेल तर त्याची संमती वेगळी घ्या. एखादं दृश्य काढा म्हणाले तर काढा, मग ते तुमच्या ट्रेलरचं दृश्य असलं तरी.